मिसेस काकूंच्या स्पॅनिश मुली

मिसेस काकूंना स्पॅनिशचं ओ की ठो कळत नव्हतं, पण स्पॅनिश मुलींचं चुकलेलं इंग्रजी त्यांच्याइतकं मेडनहेडमध्ये दुसऱ्या कुणाला कळत नसे. एखादी मुलगी जिन्यावरून ओरडायची, "मिसेस काकू, व्हेअर इज माय कार्पेट?" दुसऱ्या कुणी पायाखाली पाहिलं असतं. काकू पोळी लाटता लाटता सांगायच्या, "युअर फोल्डर इज अंडर द सोफा." त्या मुलींच्या भाषेत कागद ठेवायच्या फोल्डरला कार्पेटसारखाच काहीतरी शब्द आहे, हे त्यांनी पहिल्या दोन उन्हाळ्यांतच हेरलं होतं. चूक झाली असं त्या कधी म्हणत नसत. बरोबर शब्द आपल्या उत्तरात ठेवून द्यायच्या, पानात डावीकडे मीठ वाढावं तसा. ज्याला लागेल त्याने घ्यावा.

त्यांचं खरं आडनाव लांबलचक आणि जोडाक्षरांनी भरलेलं होतं. पहिल्या उन्हाळ्यातल्या मुलीची जीभ त्यावर अडखळायची. तिने मला त्यांना काकू म्हणताना ऐकलं आणि आदर म्हणून त्याआधी मिसेस लावलं. ते नाव पुढच्या वर्षीच्या मुलींनी उचललं, मग पोस्टमनने, आणि शेवटी आम्हीसुद्धा आपापसात बोलताना मिसेस काकू म्हणायला लागलो.

मी लग्न होऊन इंग्लंडातल्या मेडनहेडला आले ती ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर. नवरा सकाळी स्लाउच्या ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसायला जायचा आणि मी खिडकीपुढे बसायची. तिसऱ्या की चौथ्या दिवशी दारावर थाप पडली. दारात साडीवर जाड कार्डिगन घातलेल्या, ठेंगण्या, सावळ्या बाई उभ्या. "दोन घरं पलीकडे राहते. तुझ्या कुकरची शिट्टी ऐकू आली, म्हटलं आपलं माणूस दिसतंय," म्हणाल्या आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन डाळ किती शिजली ते पाहून आल्या.

काकू मूळच्या साताऱ्याच्या. काका इथल्या एका कारखान्यात इंजिनिअर होते, त्यांच्याबरोबर त्या साठच्या दशकात आल्या. मी यायच्या तीन-चार वर्षं आधी काका गेले. मुलगा शेखर एडिनबराला डॉक्टर. तो दर रविवारी फोन करायचा आणि दर रविवारी तेच म्हणायचा, की आई, घर विकून इकडे ये. काकूंना शेखरचा राग नव्हता, सुनेशीही गोडी होती, पण दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात पाहुण्यासारखं बसायची कल्पना त्यांना सोसत नव्हती. अशात गावातल्या एका भाषेच्या शाळेला, उन्हाळ्यात इंग्रजी शिकायला येणाऱ्या स्पॅनिश मुलींसाठी घरं हवी होती. इंग्रज कुटुंबं पुरत नव्हती, म्हणून काकूंनी नाव दिल्यावर शाळेने त्यांना हो म्हटलं. शेखर भडकला. घराची खानावळ करणार का, असं त्याने विचारलं. काकू म्हणाल्या, "रिकाम्या घरापेक्षा खानावळ बरी. निदान जेवायला कुणी येतं." उन्हाळ्यात मुली यायच्या आणि हिवाळाभर काकू त्यांच्या खोल्यांचे पडदे धुणं, गाद्या उन्हाच्या तिरिपीत सरकवणं यात रमायच्या. मुली येत होत्या तोवर एडिनबराला न जायला त्यांच्याकडे कारण होतं.

चुकांची ही विद्या त्यांना फुकट मिळाली नाही. पहिलीच मुलगी, मारिबेल, आल्याच्या आठवड्यात तोंड पाडून म्हणाली, "मिसेस काकू, आय ॲम व्हेरी कॉन्स्टिपेटेड." काकूंना इंग्रजीतले दुखण्यांचे शब्द चांगले येत होते. जेवण झाल्यावर त्यांनी तिला गरम दुधातून भरपूर इसबगोल दिलं. दुसऱ्या दिवशी मारिबेल शाळेत गेली नाही, आणि त्याचं कारण सांगायला नको. संध्याकाळी ती लाल झालेल्या नाकाकडे बोट दाखवत, शिंकत म्हणाली, की मी अजूनही कॉन्स्टिपेटेडच आहे. तिला बिचारीला साधी सर्दी झाली होती. तिच्या भाषेत सर्दीचा शब्द अगदी तसाच ऐकू येतो. काकूंनी कपाळावर हात मारला आणि आल्याचा काढा ठेवला. त्यानंतर त्यांनी ठरवलं, की या मुलींनी शब्द उच्चारला की आधी तोंडाकडे बघायचं, मग औषधाकडे.

असे किती प्रसंग सांगू. बहिणीच्या लग्नाला साठ पेरेंट्स आले होते, असं एकीने सांगितलं. तिला नातेवाईक म्हणायचं होतं. काकू मला म्हणाल्या, "साठ आईबाप. पाया पडता पडता नवरीची कंबर मोडली असेल." दुसरी म्हणाली, माझी बहीण पाच महिने एम्बॅरस्ड आहे. पाच महिने टिकणारी लाज काकूंनी कधी पाहिली नव्हती, पण मुलगी हसत होती आणि हाताने पोटाचा घेर दाखवत होती. काकूंनी त्याच दिवशी लोकर काढली आणि ती मुलगी परत गेली तेव्हा तिच्या बॅगेत बाळाचं टोपडं होतं. एकदा तर एका मुलीने माझ्या तोंडावर सांगितलं, की तुझा नवरा एज्युकेटेड नाही. माझा नवरा एम.टेक. तो हिरमुसला. काकूंनी खुलासा केला, की त्यांच्यात एज्युकेटेड म्हणजे रीतीने वागणारा. रस्त्यात भेटला आणि गुड मॉर्निंग म्हणाला नाही, म्हणून ती तसं म्हणते. मग म्हणाल्या, "म्हणजे शब्द चुकला, पण मुलगी चुकली नाही."

मुलींच्या चुकांना आम्ही हसलो तर काकू आधी आमच्याबरोबर हसायच्या आणि मग आम्हाला गप्प करायच्या. म्हणायच्या, "चुकलेला शब्द आभाळातून पडत नाही गं नंदा. त्यालाही माहेर असतं. माहेरची सवय अशी पटकन जाते का? तुझी गेली?" माझी गेली नव्हतीच. लायब्ररीतल्या बाईला मी अजूनही माझं डोकं पेन करतंय असं सांगत होते.

या समंजसपणाचं मूळ एका दुधाच्या बाटलीत होतं. काका गेले त्याच्या दुसऱ्या सकाळी काकूंनी दारात दूधवाल्याला सांगितलं, "माय हजबंड एक्सपायर्ड. फ्रॉम टुमारो ओन्ली वन पाइंट." आपल्याकडे माणूस असाच एक्सपायर होतो. इथे एक्सपायर होतं ते दूध. तो पोरसवदा दूधवाला बाटली हातात धरून नुसता बघत राहिला, आणि मग त्याने बाटलीवरची तारीख पाहिली. काकू ही गोष्ट फार रंगवून सांगायच्या, त्याचा चेहरा करून दाखवायच्या. शेवटी मात्र म्हणायच्या, "माझं माणूस गेलं होतं, आणि मला ते सांगता येत नव्हतं." असं म्हणून त्या उठून काहीतरी आवरायला लागायच्या.

आता ओटीचं सांगते. मुलीचा मुक्काम संपला, बॅग दारात आली, की काकू मला हाक मारायच्या. घरातून मुलगी मोकळ्या हाताने जाऊ नये, हा त्यांचा हट्ट. ताटात ओंजळभर तांदूळ, स्लाउच्या दुकानातून आणलेला नारळ, हळकुंड, सुपारी, आणि खणाऐवजी एक फुलाफुलांचा रुमाल, कारण त्या मुली ब्लाउज शिवणार कुठे. कुमारिकेची, त्यातून ख्रिश्चन मुलीची ओटी कुठल्या शास्त्रात बसते, असं मी एकदा विचारलं. "माझ्या शास्त्रात," काकू म्हणाल्या. मुली टी-शर्टाचा घोळ पुढे धरून उभ्या राहायच्या. एकीच्या नारळावरून विमानतळावर बराच वेळ चौकशी झाली म्हणे, पण तिने तो सोडला नाही.

ओटी मात्र मीच भरायची. काकू ताट तयार करायच्या, तांदूळ निवडायच्या, आणि मग दोन पावलं मागे, स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहायच्या. विधवेने ओटी भरायची नसते. मुली सगळ्या काकूंच्या; त्यांना खाऊपिऊ घातलं काकूंनी, त्यांच्या तापात उशाशी बसल्या काकू, आणि निघताना हात लागायचा माझा. धर्माचा, वयाचा, खणाचा नियम ज्या बाईने हसत हसत मोडला, तिला हा एवढा एक नियम मोडवत नव्हता. मला ते बघवायचं नाही. एकदा मी ताट त्यांच्या हाती द्यायला गेले, तर म्हणाल्या, "नको. मुलीचं काही वाईट झालं तर मला आयुष्यभर वाटत राहील."

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका उन्हाळ्यात पिलार आली. माद्रिदच्या वकिलाची सोळा-सतरा वर्षांची मुलगी. तिने मनात एक इंग्रज घर आणलं होतं: शेकोटी, कुत्रा, टोपीवाली बाई. दार उघडलं काकूंनी, आणि मागून फोडणीचा वास. आठवडाभर पिलारने ब्रेड आणि बटरशिवाय कशाला हात लावला नाही. रोज संध्याकाळी हॉलमध्ये उभी राहून वडिलांशी फोनवर तावातावाने बोलायची, त्यात काकू आणि इंडिया हे दोनच शब्द ओळखू यायचे. काकू आत वांगी चिरत म्हणायच्या, "स्पॅनिश येत नाही मला. पण तक्रार कुठल्याही भाषेत कळते."

मग एक दिवस पिलार शाळेतून लवकर आली आणि खोलीत जाऊन दार लावून बसली. काकूंनी बऱ्याच वेळाने काढून घेतलं, की तिने वर्गात उशिरा शिरताना शिक्षकाला "सॉरी टु मोलेस्ट यू" म्हटलं. तिला म्हणायचं होतं, त्रास देते, माफ करा. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ काय होतो ते तिला साऱ्या वर्गाच्या हसण्यावरून कळलं, आणि शिक्षकही हसला. काकू तिच्या पलंगावर बसल्या आणि त्यांनी तिला दूधवाल्याची गोष्ट सांगितली. चेहरा करून दाखवला. शेवटचं वाक्यही सांगितलं. पिलार खाली आली आणि तिने दोन थालीपीठं खाल्ली. त्या दिवसापासून ती काकूंच्या मागे मागे असायची. फोनवरचा आवाज खाली आला. एकदा तर ती मला पिठात हात घालून बसलेली दिसली.

पण आधीच्या तक्रारी आपल्या वाटेने चालत राहिल्या होत्या. वडिलांनी शाळेला कळवलं होतं, की इंग्रज घर ठरलं असताना माझी मुलगी एका म्हाताऱ्या इंडियन बाईकडे का. शाळेतर्फे घरांची व्यवस्था पाहणाऱ्या मिसेस हार्टली एका दुपारी आल्या. बाई वाईट नव्हत्या. चहा घेतला, नजर चुकवत बोलल्या. पिलारला आजच दुसऱ्या घरी हलवायचं होतं, आणि पालकांचा कल बघता पुढच्या वर्षीपासून शाळा काकूंकडे मुली पाठवणार नव्हती. काकूंनी ऐकून घेतलं. वाद घातला नाही. मिसेस हार्टलींना इतकंच म्हणाल्या, की मुलगी घरातून निघतेय तर पाच मिनिटं द्या, आणि मला हाक मारली.

मी गेले तेव्हा पिलार बॅगेजवळ उभी होती, डोळे सुजलेले. मी ताट उचललं. नेहमीप्रमाणे काकू दोन पावलं मागे सरल्या. पिलारने स्वेटरचा घोळ पुढे धरला, पण माझ्यापुढे नाही. मला ओलांडून ती काकूंसमोर जाऊन उभी राहिली.

"नॉट मी," काकू म्हणाल्या. "नंदा विल डू."

पिलारचा चेहरा उतरला. "यू आर डिसीव्ह्ड ऑफ मी," ती म्हणाली. मिसेस हार्टली चमकल्या, पण काकूंना कळलं. तिला म्हणायचं होतं, तुम्ही माझ्यावर नाराज आहात, माझ्याकडून तुमची निराशा झाली. फोनवर तक्रार केली ती आपण, म्हणून आता ही बाई आपल्याला हात लावत नाही, असं त्या मुलीने धरलं होतं.

काकू कळवळल्या. इंग्रजीत सांगू लागल्या, की मी तुझ्यावर मुळीच नाराज नाही, माझा नवरा वारला आहे, आणि आमच्यात अशा बाईने हे करायचं नसतं, अलाउड नसतं.

पिलारने ते नीट ऐकलं. मग तिने भिंतीवरच्या काकांच्या फोटोकडे पाहिलं आणि विचारलं, "ही डझंट अलाउ?"

तिने खोचकपणे विचारलं नव्हतं. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. काकूंनीही फोटोकडे पाहिलं. काकांना मी पाहिलेलं नव्हतं, पण काकू सांगायच्या, की भाजीत मीठ जास्त झालं तरी तो माणूस गुपचूप खायचा. मिसेस हार्टली हातातला कप खाली ठेवायचं विसरल्या होत्या.

"नाही गं," काकू मराठीत म्हणाल्या, कुणाला म्हणाल्या कोण जाणे. "ते कशालाच नाही म्हणाले नाहीत कधी."

मग त्या पुढे आल्या. माझ्या हातातलं ताट त्यांनी घेतलं नाही, मी धरूनच राहिले. त्यांनी ओंजळीने तांदूळ उचलले आणि पिलारच्या स्वेटरात घातले. नारळ ठेवताना मला वाटलं पडतोय. पण पडला नाही. रुमाल ठेवल्यावर त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. मला रडू आवरेना, आणि मिसेस हार्टली, ज्यांना यातलं काहीही माहीत नव्हतं, त्याही पर्समध्ये रुमाल शोधत होत्या.

पिलार गेली, पलीकडच्याच रस्त्यावर, शेकोटी आणि कुत्रा असलेल्या घरात. सुट्टी संपेपर्यंत रोज शाळा सुटली की ती आधी काकूंकडे यायची, खाऊन मग तिकडे जेवायला जायची. ओटीची बातमी स्लाउच्या मराठी मंडळात पोचायला वेळ लागला नाही. गणपतीत एका बाईंनी काकूंना सगळ्यांदेखत विचारलंच, की तुम्ही म्हणे ओटी भरली. "भरली," काकू म्हणाल्या. "सांडली नाही," आणि मोदकाचं ताट पुढे सरकवलं.

शाळेने मात्र शब्द पाळला. पुढच्या जूनमध्ये काकूंनी नेहमीप्रमाणे चादरी धुऊन, खोल्या उघडून ठेवल्या. कुणी आलं नाही. जुलै गेला. त्यांचं जेवण कमी झालं, माझ्या घरी येणंही कमी झालं, आणि एका रविवारी शेखरने विचारल्यावर त्या हो म्हणाल्या. मला फार राग आला होता, शाळेचा, त्या न पाहिलेल्या वकिलाचा, शेखरचासुद्धा, ज्याचा काही दोष नव्हता. एडिनबराला काकू पुढे सहा-सात वर्षं होत्या. सून चांगली निघाली. शेवटच्या आजारपणात पिलार माद्रिदहून येऊन त्यांना भेटून गेली, तोवर ती स्वतःच शाळेत इंग्रजी शिकवत होती. काकू गेल्या तेव्हा मी इतक्या लांब वेळेवर पोचू शकले नाही. पण माझा त्यांचा निरोप त्याआधीच झाला होता, सप्टेंबरात, त्या मेडनहेड सोडून निघाल्या त्या सकाळी.

शेखरने गाडी दारात लावली होती. सामान भरून झालं होतं. काकू रिकाम्या हॉलमध्ये कार्डिगनची बटणं लावत उभ्या होत्या. मी घरून ताट घेऊन गेले. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, आणि माझ्या आईने पाठवलेला एक खण.

काकूंनी ताटाकडे पाहिलं. "कुणाची गं?" म्हणाल्या. त्यांना खरंच वाटलं, आणखी कुणी निघालंय.

"तुमची," मी म्हटलं. "निघालात ना तुम्ही."

विधवेची ओटी भरत नाहीत, हे मला सांगायची गरज नव्हती आणि त्यांनाही. त्यांनी एकदा शेखरकडे पाहिलं. तो घड्याळ बघत दारात उभा होता, त्याने घड्याळावरून बाही खाली ओढली आणि तो बाहेर बघायला लागला. काकूंनी लावलेली बटणं पुन्हा काढली, पदर मोकळा केला आणि दोन्ही हातांनी पुढे धरला. तांदूळ पदरात पडले आणि त्या रडल्या, सासरी निघालेल्या मुलीसारख्या, मोठ्याने, लेकासमोर. मी त्यांना गाडीपर्यंत नेलं. पदराची गाठ मारून ठेवा, नाहीतर वाटेत सांडेल, असं शेखर म्हणाला, पण त्यांनी ऐकलं नाही. पदर तसाच दोन्ही हातांत धरून त्या बसल्या, आणि एडिनबरा येईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही, असं शेखरने मला दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं.